व्हॉल्व्ह नसलेल्या गाडीच्या मुलखात

पिंपरी-चिंचवडची ओळख करून घ्यायची तर सुरुवात संत तुकाराम नगरपासून करावी. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून वल्लभनगरचं एसटी आगार, आत वळलं की सगळे ज्याला ‘वायसीएम’ म्हणतात ते महापालिकेचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय, आणि रस्त्यावर उंचावरून जाणारी मेट्रो. रुग्णालयासमोरच्या चहाच्या टपरीवर खेड-जुन्नरहून पेशंट घेऊन आलेली माणसं भेटतात, रात्रपाळी संपवून घरी निघालेले कामगार भेटतात. 6 मार्च 2022 रोजी पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली, 29 सप्टेंबर 2024 रोजी ती स्वारगेटपर्यंत पोचली, आणि या वस्तीतून पेट्रोलचा थेंबही न जाळता पुण्याच्या मध्यवस्तीत जाता येऊ लागलं.

इथून चाकण वीसेक किलोमीटरवर आहे. या वीस किलोमीटरांत स्कूटर बनते, रिक्षा बनते, ट्रक बनतो, जर्मन मोटार बनते. त्या सगळ्यांना लागणारे नट-बोल्टही बनतात आणि त्या मोडीत निघाल्यावर त्यांचं भंगारही इथेच येतं. कोळसा आणि तेलावर उभी असलेली अर्थव्यवस्था सूर्य, वारा आणि बॅटरीकडे वळते आहे, असं आपण रोज वाचतो. प्रत्येक देश तिथे आपापल्या जागेवरून निघाला आहे. या वळणाचा भार नेमका कुणाच्या खांद्यावर येतो, हे पाहायला मी संत तुकाराम नगरहून चाकणला निघाले.

पहिला मुक्काम अगदी जवळचा. संत तुकाराम नगर आणि नेहरूनगरला लागून हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा विस्तीर्ण, झाडांनी भरलेला परिसर आहे. 1954 साली स्थापन झालेली ही सरकारी कंपनी. पेनिसिलीन तेव्हा परदेशातून यायचं आणि महाग पडायचं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी यंत्रं आणि तंत्रज्ञान देऊन पिंपरीत हा कारखाना उभा राहायला मदत केली. पुढे इथल्याच प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधून काढलं. मिळालेल्या विद्येत इथल्या माणसांनी स्वतःची भर घातली. कंपनीचे पुढचे दिवस हलाखीचे गेले, पण तो आरंभ विसरू नये असा आहे. जीव वाचवणारं तंत्रज्ञान जगाने वाटून घ्यावं, या विचाराची ती एक प्रत्यक्षात उतरलेली खूण आहे. हवामान वाचवणाऱ्या तंत्रज्ञानाच्या बाबतीत आज तसं घडत नाही. ते कसं, हे आकुर्डीत कळतं.

पिंपरीपर्यंत मेट्रो आणि पुढे पीएमपीची बस. आकुर्डीला महामार्गालगत बजाज ऑटोचा जुना कारखाना आहे. 1972 साली आलेली चेतक स्कूटर कित्येक मराठी घरांत नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून घेतली गेली. पुढे मोटारसायकलचा जमाना आला, 2007 साली आकुर्डीतलं वाहन-उत्पादन थांबलं आणि एका पिढीला वाटलं की इथला भोंगा कायमचा बंद झाला. ऑक्टोबर 2019 मध्ये विजेवरची चेतक लोकांपुढे आली, जानेवारी 2020 पासून ती आधी पुण्यात आणि बंगळूरमध्ये मिळू लागली. 10 जून 2022 रोजी, कंपनीचे माजी अध्यक्ष राहुल बजाज यांच्या जयंतीला, याच आकुर्डीत 300 कोटी रुपये गुंतवून वर्षाला पाच लाख वाहनांची क्षमता असलेला विजेरी वाहनांचा कारखाना सुरू झाला. बंद पडलेल्या जागेत पुन्हा दिवे लागले. या पट्ट्यातल्या माणसांना याचा केवढा आनंद झाला असेल, ते कारखाना बंद पडणं म्हणजे काय हे पाहिलेल्यांनाच कळेल.

पण 4 एप्रिल 2025 रोजी चीनने सात दुर्मीळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. विजेरी गाडीच्या मोटरचा जीव या चुंबकांत असतो, आणि जगातल्या दहातले नऊ असे चुंबक चीनमध्ये बनतात. त्या उन्हाळ्यानंतर आकुर्डीतल्या उत्पादनालाही झळ बसली. ऑगस्टमध्ये एकही चेतक बनणार नाही अशी वेळ येऊ शकते, असं कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी जुलैत जाहीरपणे सांगितलं. 1954 साली पेनिसिलीनची विद्या पिंपरीला मोकळ्या हाताने मिळाली होती. आज आकुर्डीची स्कूटर दुसऱ्या देशाच्या शिक्क्यावर अडते. तेलासाठी आखाताकडे पाहणारा देश चुंबकासाठी चीनकडे पाहू लागला, तर परावलंबन तेवढंच राहिलं.

चीन इथवर आपसूक पोचलेला नाही. खाणीपासून मोटारीपर्यंतची सगळी साखळी त्याने वीस-पंचवीस वर्षं सरकारी बळावर बांधली. 2024 साली तिथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ निम्म्या, प्लग-इन हायब्रिड धरून, विजेच्या होत्या आणि त्या एका वर्षात चीनने 277 गिगावॉट सौरक्षमता उभारली. नॉर्वेची वाट आणखी वेगळी. तिथे 2024 मध्ये विकलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेवरच्या. त्यामागे भरपूर जलविद्युत आहे, आणि तेल-वायू विकून आलेल्या पैशातून दिलेल्या करसवलतीही आहेत. इथियोपियाने 2024 साली पेट्रोल-डिझेलच्या मोटारींची आयातच बंद केली. कारण सरळ होतं: धरणांची वीज हाताशी होती, तेल विकत घ्यायला परकीय चलन मात्र नव्हतं. एक श्रीमंत देश आणि एक गरीब देश, दोघेही विजेच्या गाडीपाशी आले ते अगदी वेगळ्या कारणांनी.

भारताची वाट दोन आणि तीन चाकांवरून जाते. 2024-25 या आर्थिक वर्षात देशात सुमारे 1 कोटी 96 लाख दुचाकी विकल्या गेल्या, मोटारी 43 लाख. नव्या दुचाकींत विजेवरच्या शंभरातल्या सहा. तीनचाकींत मात्र निम्म्याहून अधिक. रिक्षावाला पर्यावरणावर भाषण देत नाही, तो रोजचा खर्च मोजतो. त्याचा हिशेब जुळला आणि बदल घडला. म्हणून या विषयात मी शिखर परिषदेतल्या घोषणांपेक्षा रिक्षास्टँडवरच्या हिशेबावर जास्त भरवसा ठेवते.

आकुर्डीहून थरमॅक्स चौकात आले आणि टेल्को रस्त्याला लागले. कंपनीचं नाव बदलून टाटा मोटर्स झालं त्याला वर्षं लोटली, रस्ता मात्र अजून टेल्कोचाच. या रस्त्याच्या विकासासाठी आणि निगडी प्राधिकरणातल्या ‘हरित सेतू’ या पादचारी-सायकल प्रकल्पासाठी पिंपरी-चिंचवड महापालिकेने जून 2025 मध्ये 200 कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे काढले. महाराष्ट्रातल्या एखाद्या महापालिकेने काढलेले हे पहिलेच हरित रोखे, व्याज 7.85 टक्के. त्याआधी 2021 मध्ये गाझियाबादने सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना देण्यासाठी, 2023 मध्ये इंदूरने नर्मदेचं पाणी उपसायला लागणारी वीज सूर्यापासून मिळवण्यासाठी असे रोखे काढले होते. शहराने चालणाऱ्या माणसासाठी बाजारातून कर्ज काढावं, ही मला मोठी गोष्ट वाटते. पाळी सुटल्यावर या रस्त्यावरून सायकलवर जाणारे कामगार अजून दिसतात. त्यांच्यासाठी सुरक्षित कडा मिळाली, तर रोख्याचा रंग खरोखर हिरवा ठरेल.

टेल्को रस्ता भोसरी एमआयडीसीत उतरतो. मोठ्या कंपन्यांच्या फाटकांमागे इथे गाळ्यांचं जग आहे. पत्र्याचं छप्पर, दाराशी कूलंटचा वास, आत दोन-तीन सीएनसी यंत्रं आणि एखादा जुना लेथ. अशाच एका गाळ्यात मी दुपार घालवली. मालकांनी तळहातावर ठेवून दाखवली ती बोटाएवढी बिडाची नळी, व्हॉल्व्ह गाईड. इंजिनात व्हॉल्व्ह मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होतो, तो सरळ रेषेत राहावा म्हणून ही नळी. बाहेरून साधी दिसते. आतला बोअर मात्र काही मायक्रॉनच्या आत बसावा लागतो. लातूरकडून आलेला, आयटीआयचा टर्नर झालेला तरुण एकेक नळी उचलून गेजवर लावत होता. गेजचं एक टोक आत जायला हवं, दुसरं जाता कामा नये. त्याचा हात एकदाही अडखळत नव्हता. जी नळी मनासारखी नाही ती तो न बोलता लाल पेटीत टाकत होता.

मालक म्हणाले, “ताई, वडिलांनी एका लेथवर सुरू केलं, मी सीएनसी आणल्या. माल कधी परत आला नाही. पण गाडीला व्हॉल्व्हच नसेल तर गाईड कुणाला विकू?”

विजेच्या गाडीत पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही, सायलेन्सर नाही, क्लच नाही. भोसरीतल्या कित्येक गाळ्यांची रोजीरोटी याच भागांवर उभी आहे. या मालकांनी हात बांधून बसणं पत्करलेलं नाही. मोटरला लागणाऱ्या रोटर शाफ्टचं सॅम्पल त्यांनी करून दिलं, ते पासही झालं. आता नवं ग्राइंडिंग मशीन हवं. गाळा भाड्याचा, म्हणजे तारण ठेवायला काही नाही. “बँक म्हणते आधी ऑर्डर दाखवा, कंपनी म्हणते आधी मशीन दाखवा,” ते म्हणाले. हरित अर्थव्यवस्थेची सगळी अडचण या एका वाक्यात सांगून झाली, असं मला वाटलं. बदल करायची इच्छा आहे, हाताला कौशल्य आहे, मधला पूल नाही.

शेजारच्या गल्लीत बोल्ट बनतात आणि त्यांतले काही युरोपात जातात. युरोपीय संघाने 1 ऑक्टोबर 2023 पासून सीमेवरच्या कार्बन कराची पूर्वतयारी सुरू केली आणि 1 जानेवारी 2026 पासून तो प्रत्यक्ष लागू झाला. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज त्यात येतात, आणि पोलादाचे नट, बोल्ट, स्क्रूही येतात. म्हणजे बोल्ट बनवताना, त्याचं पोलाद वितळवताना किती कार्बन हवेत गेला, हा हिशेब आता द्यावा लागतो. भारतात एक टन पोलादामागे सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगाची सरासरी दोन टनांच्याही आत आहे. डिसेंबर 2024 मध्ये भारत सरकारने हरित पोलादाची व्याख्या ठरवली: टनामागे 2.2 टनांहून कमी उत्सर्जन असेल तरच ते पोलाद हरित. मोठ्या पोलाद कंपनीकडे असा हिशेब ठेवायला माणसं आहेत. गल्लीतल्या गाळ्यात जीएसटीचं विवरणपत्र भरायलाच बाहेरचा माणूस येतो. शंभर-दीडशे वर्षं कोळसा जाळून श्रीमंत झालेल्या खंडाने या गाळ्याकडून कार्बनचा हिशेब मागावा, यात न्याय कमी आहे. तरीही हिशेब द्यावा लागणार, कारण गिऱ्हाईक तिथे आहे. तो द्यायला शिकवणं हे आपल्या सरकारचं आणि उद्योग संघटनांचं काम आहे.

भोसरीहून स्पाईन रस्त्याने कुदळवाडीकडे वळले. इथे वर्षानुवर्षं भंगाराची गोदामं होती. रिकामे ड्रम, गाड्यांचे बंपर, वायरी, पुठ्ठा, लाकडी पॅलेट. पट्ट्यातल्या कारखान्यांनी टाकलेलं सगळं इथे वेगळं होऊन पुन्हा वापरात जायचं. इथे आगी वारंवार लागायच्या, धूर आसपासच्या घरांत जायचा, रसायनं लागलेल्या डब्यांचं पाणी नाल्यातून इंद्रायणीला मिळायचं. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने मोठी कारवाई केली आणि काही दिवसांत चार हजारांहून अधिक बांधकामं पाडली. रहिवाशांची तक्रार खरी होती. तिथे काम करणाऱ्या हजारो हातांचा प्रश्नही तितकाच खरा आहे. ज्याला आता ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ म्हणून गौरवलं जातं, ती हे लोक कुणी न सांगता चालवत होते. बॅटरी कचऱ्याचे 2022 चे नियम आणि 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेले जुन्या वाहनांचे नियम उत्पादकांना सांगतात की माल परत गोळा करा, धातू परत मिळवा. ते काम करायचं कसब कुदळवाडीतल्या माणसांकडे आहे. त्यांना पक्की शेड, आग विझवायची सोय, हातमोजे आणि परवाना दिला तर त्यांचंही भलं होईल आणि इंद्रायणीचंही.

मोशीच्या कचरा डेपोत याचीच दुसरी बाजू आहे. 1 ऑगस्ट 2023 रोजी इथे कचऱ्यापासून 14 मेगावॉट वीज बनवणारा प्रकल्प सुरू झाला; रोज सुमारे 700 टन कचरा घ्यायची त्याची क्षमता. स्वीडनमध्ये असे प्रकल्प घरं ऊबदार ठेवतात, आणि त्यासाठी तो देश बाहेरून कचरा आणतो. आपल्या कचऱ्यात ओला भाग जास्त, आणि जो सुका भाग चांगला जळतो त्यातला बराचसा विकला जाणारा प्लास्टिक-कागद असतो. कचरा वेचणाऱ्या बायांचं पोट त्यावर चालतं. 1993 साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली, ती याच कामाला प्रतिष्ठा मिळावी म्हणून. डोंगराएवढा साठलेला कचरा पाहिला की प्रकल्पाची गरज पटते. पण भट्टीत काय जावं हे ठरवताना आधी वेचणाऱ्यांचा वाटा बाजूला काढायला हवा. टाकलेली बाटली पुन्हा बाटली होणं हे तिची राख होण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

मोशीच्या पुढे नाशिक महामार्ग इंद्रायणी ओलांडतो. देहूहून आळंदीकडे जाणारी ही नदी. आळंदीत तिच्या पाण्यावर पांढरा फेस तरंगताना वारकऱ्यांनी अनेकदा पाहिला आहे, आणि तो सांडपाण्याचा आणि रसायनांचा आहे. गाड्या विजेच्या झाल्या आणि नदी अशीच राहिली, तर आपण हरित झालो असं म्हणायला तोंड राहणार नाही.

चिंबळी, कुरुळी मागे टाकत चाकण येतं. कांद्याच्या बाजाराचं आणि संग्रामदुर्गाचं हे गाव. 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेला दीड-दोन महिने झुंजवलं ते इथे. आता भोवताली महाळुंगे, निघोजे, खराबवाडीपर्यंत कारखाने पसरले आहेत. 2022 साली मर्सिडीजने ईक्यूएस ही विजेरी मोटार इथे जुळवायला घेतली, जर्मनीबाहेर पहिल्यांदाच. महिंद्रच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई याच पट्ट्यात बनतात. फोक्सवॅगनचा कारखाना 2009 पासून इथे आहे. त्याच फोक्सवॅगनने डिसेंबर 2024 मध्ये जर्मनीत कामगार संघटनेशी करार केला: 2030 पर्यंत 35 हजार नोकऱ्या कमी होतील, पण सक्तीने कुणाला काढलं जाणार नाही. जर्मनीत जो कामगार वाटाघाटीच्या टेबलावर बसतो, त्याच्या जागी चाकणमध्ये बहुतेकदा कंत्राटी पोरगा असतो. बीड, नांदेड, यवतमाळचा. कोरडवाहू शेती परवडेनाशी झाली म्हणून आलेला. एका खोलीत चार-पाचजणांबरोबर राहणारा. त्याच्या वतीने कराराला कोण बसणार?

चाकणच्या चार्जरमध्ये येणारी वीज कुठून येते हेही पाहायला हवं. भारताने जुलै 2025 मध्ये जाहीर केलं की देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी आता कोळसा-तेल-वायूशिवायची आहे; 2030 साठी ठरवलेलं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं गेलं. हे यश मोठं आहे. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजून सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा कोळशाचा. चंद्रपूरच्या 2,920 मेगावॉटच्या औष्णिक केंद्राची राख तिथल्या घरांवर पडते आणि आपल्याकडची गाडी धूर न सोडता जाते. म्हणून राज्यात शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी 16 हजार मेगावॉट सौरऊर्जेची जी योजना चालली आहे, ती मी चाकणच्या गाडीइतकीच महत्त्वाची मानते. गाडी आणि वीज दोन्ही बदलायला हव्यात, आणि चंद्रपूरच्या कामगारालाही त्या बदलात जागा हवी.

दक्षिण आफ्रिकेच्या अनुभवात याचा धडा आहे. 2021 साली श्रीमंत देशांनी कोळसा सोडण्यासाठी त्या देशाला साडेआठ अब्ज डॉलरचं आश्वासन दिलं. ऑक्टोबर 2022 मध्ये कोमाती हे साठ वर्षं जुनं कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं. कायम कामगारांना दुसऱ्या केंद्रांत सामावून घेतलं गेलं, कंत्राटी कामगार आणि गावातले छोटे धंदेवाले उघड्यावर पडले. नवं काम यायच्या आधी जुनं गेलं. 2025 मध्ये अमेरिकेने त्या करारातून अंगही काढून घेतलं.

आपल्याकडे तशी घाई नाही, आणि ही आपली जमेची बाजू आहे. शंभरातल्या चौऱ्याण्णव नव्या दुचाकी अजून पेट्रोलवरच्या आहेत, म्हणजे भोसरीच्या गाळ्याला अजून काही वर्षं हातात आहेत. ती वर्षं वाया घालवू नयेत. तारण नसलेल्या पण सॅम्पल पास झालेल्या उद्योजकाला सरकारी हमीवर मशीनसाठी कर्ज मिळावं. पिंपरी-चिंचवडच्या आयटीआयमध्ये टर्नर-फिटरच्या मुलांना बॅटरी, मोटर आणि कंट्रोलरचं काम शिकायला मिळावं, आणि तिशी ओलांडलेल्या कामगारालाही पाळी सांभाळून तिथे परत जाता यावं. विजेरी गाडीला सवलत घेणाऱ्या कंपनीने आपल्या जुन्या व्हेंडरांना बरोबर घेऊन जाण्याचा लेखी आराखडा द्यावा. महाराष्ट्राच्या 2025 च्या धोरणाने विजेवरच्या मोटारींना द्रुतगती मार्गावर टोल माफ केला. जो सरकारी पैसा मोटारवाल्याला मिळतो त्यातला काही त्या मोटारीचा शाफ्ट घडवणाऱ्याला मिळावा, ही मागणी अवाजवी नाही.

नॉर्वेकडे तेलाची शिल्लक आहे, चीनकडे सरकारी ताकद आहे, जर्मनीकडे संघटित कामगार आहे, इथियोपियाकडे नद्यांची वीज आहे. या पट्ट्याकडे काही मायक्रॉनच्या आत काम करणारे हात आहेत. ते बेकार न होता या बदलात आले, तरच पिंपरी ते चाकणपर्यंतचा हा रस्ता हिरवा झाला असं मी म्हणेन.